सत्तरच्या दशकातली सर्वांत मोठी गायिका कोण? आमच्या बैठकीत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही बैठक म्हणजे काय? कुठं भरते?

अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी तालुक्यात आमच्या गावात माझ्या वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान बंद झालं, पण टेबल, फळ्या आणि खोक्यांतले जुने स्पीकर अजून जागच्या जागी आहेत. दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी रात्री जेवणं आटोपली की पंधरा-वीस माणसं तिथं जमतात. संत्र्याच्या बगीच्यातून थकून आलेले असतात, रिटायर मास्तर असतात, दोन-तीन कॉलेजची पोरं असतात आणि गेल्या दोन वर्षांपासून भजनी मंडळातल्या बायाही येतात. गाणी ऐकायची आणि सत्तरच्या दशकातल्या गायिकांवर वाद घालायचा, एवढाच कार्यक्रम. नवा माणूस आला की तेच प्रश्न विचारतो, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवतो आहे. मतं माझी आहेत. बैठकीतल्या निम्म्या लोकांना ती पटत नाहीत, हेही आधीच सांगतो.

सत्तरचं दशक नेमकं कुठून कुठपर्यंत?

1970 ते 1979. सिनेमा कधी लागला यापेक्षा गाणं कधी गायलं गेलं याला आम्ही जास्त मान देतो, आणि इथंच पहिला वाद पेटतो. 'पाकीज़ा' 1972 साली लागला, पण त्याचे संगीतकार ग़ुलाम मोहम्मद 1968 मध्येच वारले होते. म्हणजे 'चलते चलते' आणि 'इन्हीं लोगों ने' मधला लताबाईंचा आवाज साठच्या दशकातला. ही दोन गाणी सत्तरच्या खात्यात मांडून कुणी लताबाईंचं पारडं जड करू पाहिलं, तर आम्ही ती बाजूला काढून ठेवतो. आमच्यातले एक काकाजी या नियमावरून सहा महिने रुसले होते. शेवटी त्यांनीच 'अभिमान' आणून लावला आणि म्हणाले, "पाकीज़ा घ्या तुमच्यापाशी, हे आयका आता." त्या रात्री त्यांची सरशी झाली.

मग एका वाक्यात सांगा, लता की आशा?

दशक आशाबाईंचं.

एवढ्या ठामपणे कसं म्हणता? लताबाई लताबाई आहेत.

आहेतच. आयुष्यभराचा हिशेब मांडायचा म्हटलं तर मी वाद घालणारच नाही, हात जोडून बसेन. पण प्रश्न दहा वर्षांचा आहे, आणि या दहा वर्षांत कुणाचा गळा कुठून निघून कुठं पोहोचला, ते बघायचं असतं.

1971 मध्ये 'कारवाँ'तलं 'पिया तू अब तो आजा' आणि 'हरे रामा हरे कृष्णा'तलं 'दम मारो दम'. 1973 मध्ये 'चुरा लिया है तुमने'. 1974 मध्ये ओ. पी. नय्यर यांचं 'चैन से हमको कभी', जे शेवटी सिनेमात ठेवलंच गेलं नाही. 1977 मध्ये 'नभ उतरू आलं'. 1978 मध्ये 'ये मेरा दिल'. 1979 मध्ये 'उषःकाल होता होता'. ही सात गाणी एका रात्रीत ओळीनं ऐका. 'पिया तू'मध्ये श्वाससुद्धा चालीत बसवलेला आहे; दम लागल्याचा आवाज तालावर पडतो. 'चैन से हमको कभी'मध्ये तीच बाई शब्दाशब्दांत जागा सोडत जाते आणि त्या मोकळ्या जागेतच दुःख उतरतं. 'उषःकाल'मध्ये आवाजात राग आहे, आणि रागातही एकेक अक्षर स्वच्छ. त्या वेळी त्यांची चाळिशी उलटलेली होती. 1970 पर्यंत ज्या बाईला लोक 'नाचाच्या गाण्यांची' म्हणायचे, तिनं दहा वर्षांत सगळं मैदान नांगरून काढलं.

लताबाईंचं या दशकातलं काम वेगळ्या जातीचं आहे. 'परिचय'मधलं 'बीती ना बिताई रैना' आणि 'कोरा कागज़'मधलं 'रूठे रूठे पिया', या दोन गाण्यांसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, अनुक्रमे 1972 आणि 1974 च्या सिनेमांसाठी. 'अमर प्रेम'मधलं 'रैना बीती जाए' तोडी रागाच्या अंगानं सुरू होतं आणि अंतऱ्यात खमाज रागाकडे वळतं. तो वळसा त्या असा घेतात की ऐकणाऱ्याला कूस बदलल्याचं कळतही नाही. ही सिद्धी आहे. पण ती सिद्धी त्यांच्यापाशी 1960 सालीही होती. दशकानं त्यांना नवं काही मागितलं नाही. आशाबाईंना दर वर्षी नवं मागितलं.

दोघींची सरळ तुलना करता येईल असं एखादं उदाहरण?

आहे, आणि नवीन येणाऱ्याला आम्ही तेच पहिलं ऐकवतो. 1977 चा 'जैत रे जैत'. एकच सिनेमा, एकच कवी, ना. धों. महानोर, तेही पळसखेडचे शेतकरी. एकच संगीतकार, हृदयनाथ मंगेशकर, म्हणजे दोघींचा सख्खा भाऊ. त्यात लताबाईंना 'मी रात टाकली' आणि आशाबाईंना 'नभ उतरू आलं'. दोघींना आधार सारखा, शब्दांची माती सारखी. याहून न्याय्य तराजू मला ठाऊक नाही.

'मी रात टाकली'मध्ये लताबाई रवींद्र साठे आणि चंद्रकांत काळे यांच्या आवाजांच्या वरून जातात, जणू डोंगराच्या माथ्यावरून कुणी हाक मारतंय. 'नभ उतरू आलं'मध्ये आशाबाई खाली आहेत, चिंब झालेल्या रानात. पहिल्यात आभाळ, दुसऱ्यात ओल. बैठकीत हात वर करून मत घेतलं तर जवळजवळ नेहमी बरोबरी होते. एकदा एक मावशी म्हणाल्या, "लताबाईचं आयकलं का डोये मिटते, आशाचं आयकलं का उघडते." आजवरच्या सगळ्या वादात मला हे वाक्य सर्वांत नेमकं वाटलं.

अवॉर्ड मोजले तर निकाल लागत नाही का?

लागत नाही, कारण यादी समजून घेतल्याशिवाय ती फसवते. 'जीने की राह'च्या गाण्यासाठी 1970 ला फिल्मफेअर मिळाल्यावर लताबाईंनी नव्या गायिकांना संधी मिळावी म्हणून पुढं स्पर्धेतून अंग काढून घेतलं. त्यानंतरची यादी अशी: 1971 ला शारदा, 1972 ते 1975 अशी सलग चार वर्षं आशाबाई, 1976 ला सुलक्षणा पंडित, 1977 ला हेमलता, 1978 ला प्रीती सागर, 1979 ला 'डॉन'साठी पुन्हा आशाबाई, 1980 ला 'मीरा'साठी वाणी जयराम. 1979 नंतर आशाबाईंनीही आपलं नाव धरू नका म्हणून सांगितलं.

म्हणून आशाबाईंच्या फिल्मफेअरच्या चार सलग बाहुल्या, म्हणजे ट्रॉफ्या, दाखवून कुणी मला पाठिंबा द्यायला आला, तर मी तो घेत नाही. समोर थोरली बहीण नव्हतीच. पण या यादीतून दुसरी एक गोष्ट दिसते, आणि ती मला महत्त्वाची वाटते: दोन बहिणी जरा बाजूला झाल्या की वेगवेगळे आवाज लगेच वर आले. म्हणजे आवाज होते. वाट नव्हती.

बिनाका गीतमाला?

रेडिओ सिलोनवरचा लोकप्रिय गाण्यांच्या क्रमवारीचा कार्यक्रम: बुधवारी रात्री आठला अमीन सयानी. वर्षाअखेरीच्या यादीत पहिल्या पायदानावर, म्हणजे पहिल्या नंबरावर, बायकांच्या आवाजातली चार गाणी आली: 1970 ला 'बिंदिया चमकेगी' (लता), 1972 ला 'दम मारो दम' (आशा), 1977 ला 'हुस्न हाज़िर है' (लता), 1978 ला 'अँखियों के झरोखों से' (हेमलता). यावरून लोकप्रियता कळते. आमच्याकडे सिलोन शॉर्टवेव्हवर यायचं. आवाज जवळ यायचा, लांब जायचा, आणि नेमका पायदान सांगायच्या वेळी लांब जायचा.

खेड्यातले जुने लोक लताबाईंच्याच बाजूचे का असतात?

या प्रश्नाचं उत्तर मला वडिलांच्या टेबलावर मिळालं, आणि ते गाण्याइतकंच यंत्राचं आहे.

त्या काळी गावात ट्रान्झिस्टर असायचा. त्यातला स्पीकर तळहाताएवढा, तीन-चार इंचांचा. एवढ्या कागदी स्पीकरमधून खर्ज निघतच नाही. मधला आणि वरचा सूर निघतो. वर मीडियम वेव्हवरचं आकाशवाणी नागपूर: अगदी बारीक झणत्कारही तिथं कापला जातो. राहतो मधला पट्टा. लताबाईंचा आवाज नेमका त्या पट्ट्यात, सुईसारखा, वरच्या सप्तकात. सेल उतरलेले असोत, सेल उन्हात ठेवून पुन्हा घातलेले असोत, लताबाई पोहोचायच्या. आशाबाईंची निम्मी जादू खालच्या सुरात, श्वासात आणि राहुलदेव बर्मन यांनी मागं ठेवलेल्या बास गिटारमध्ये आहे. ते ट्रान्झिस्टरमधून बाहेरच पडत नव्हतं.

मी स्वतः 'चुरा लिया है तुमने' पंधरा-सोळा वर्षं ऐकलं होतं. एकदा वडिलांनी लाकडी खोक्यात आठ इंची स्पीकर बसवला आणि तबकडी लावली. सुरुवातीचा काचेचा किणकिणाट माहीत होता, पण त्याच्याखाली आशाबाईंचा आवाज इतका खाली, कानाशी बोलल्यासारखा आहे हे मला त्या दिवशी कळलं. वडील हातात सोल्डरिंगची काडी धरून तसेच उभे राहिले. म्हणाले, "आतापावतर आपून अर्धीच बाई आयकत होतो." म्हणून आमच्या बैठकीत मोबाइलच्या स्पीकरवर गाणं लावायला मनाई आहे. त्यावर आशाबाईंना न्याय मिळत नाही, आणि मोबाइलवर ऐकून 'लताच मोठी' म्हणणाऱ्याचं मत आम्ही धरत नाही.

मग लग्नातल्या भोंग्यावर कोण जिंकायचं?

उषा मंगेशकर, लताबाई-आशाबाईंची धाकटी बहीण. हे लिहिताना मला मनापासून आनंद होतो, कारण या बाईंना मिळायला हवं ते कधी मिळालं नाही.

भोंगा म्हणजे कर्णा. त्याच्या धातूच्या तोंडातून टोकदार, उघडा आवाज सर्वांत लांब जातो. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या शेताच्या पलीकडे, नाल्यापलीकडच्या वस्तीपर्यंत. उषाताईंचा ठसका भोंग्यासाठीच घडवल्यासारखा. 1972 चा 'पिंजरा' घ्या: राम कदम यांचं संगीत, जगदीश खेबुडकरांचे शब्द, आणि 'दिसला गं बाई दिसला'. लग्नघरी कणातीला भोंगा बांधला की पहिली तबकडी कुठली लागेल याची पैज लावायची गरज नसायची.

आता त्याच बाईंची 1975 ची 'जय संतोषी माँ'मधली 'मैं तो आरती उतारूँ रे' ऐका. टुरिंग टॉकीजच्या तंबूत बाया चपला बाहेर काढून बसायच्या, आरती लागली की पडद्याकडे पैसे टाकायच्या. आमच्या घरी आईनं सोळा शुक्रवार धरले होते, गूळ-फुटाण्याचा प्रसाद असायचा, आणि आंबट खायचं नाही म्हणून कैरीच्या दिवसांत आम्हा पोरांचे हाल व्हायचे. आईला पोथी वाचता येत नव्हती. तिची पोथी म्हणजे उषाताईंचा आवाज.

आणि 1977 च्या 'इन्कार'मधला 'मुंगळा' तोच आवाज आहे. सांगितलं तर आईचा विश्वास बसला नसता. मी कधी सांगितलंही नाही. फडावरची नार, देव्हाऱ्यासमोरची सवाष्ण आणि गुत्त्यातली नाचणारी: पाच वर्षांत तीन तऱ्हा, आणि तिन्ही ठिकाणी ऐकणाऱ्याला शंका येत नाही. याच काळात दादा कोंडके यांच्या सिनेमांत महेंद्र कपूर यांच्या जोडीला त्याच. 'पांडू हवालदार'चे संगीतकार राम-लक्ष्मण. त्यांतले लक्ष्मण म्हणजे विजय पाटील, आपल्या नागपूरचे. तरी 'जय संतोषी माँ'च्या वर्षाची फिल्मफेअरची बाहुली दुसरीकडे गेली आणि 'मुंगळा'च्या वर्षाचीही. दोन डोंगरांमधलं गाव नकाशावर दिसत नाही, तसं त्यांचं झालं.

दशक आशाबाईंचं हे मी म्हणतोच. पण आमच्या गावानं त्या दहा वर्षांत सर्वांत जास्त वेळा कुणाचा आवाज ऐकला असं विचाराल, तर उत्तर उषाताई हेच आहे, आणि 'सर्वांत मोठी' ठरवताना या ऐकण्याला काही किंमत द्यायची की नाही, हा आमच्या बैठकीतला खरा वाद आहे. माझ्या मते द्यायलाच पाहिजे.

सुमन कल्याणपूर आणि लताबाई यांचा आवाज ओळखू येत नाही. कसा ओळखायचा?

भल्याभल्यांची चूक होते, लाजू नका. वरच्या सुराकडे लक्ष द्या. लताबाईंचा सूर वर जाताना बारीक आणि धारदार होत जातो. सुमनताईंचा वर गेला तरी गोल राहतो, कडा मऊ असतात. खालच्या सुरात त्यांच्या आवाजाला किंचित धुकं असतं. 'केशवा माधवा' शांतपणे ऐका, मग लताबाईंचं एखादं भजन लावा. तिसऱ्या वेळी फरक कळायला लागेल.

हिंदीत त्यांचा भर साठच्या दशकात होता, पण 1974 च्या 'रेशम की डोरी'मधलं 'बहना ने भाई की कलाई से' राखीच्या दिवशी अजून वाजतं. मराठीत 'निंबोणीच्या झाडामागे' हे 1977 च्या 'बाळा गाऊ कशी अंगाई'मधलं. आमच्याकडे उन्हाळ्यात अंगणात खाटा टाकून झोपायची पद्धत होती, आणि दहा घरांच्या अंगणांत हे एकच गाणं गायलं जायचं, कुठं सुरात, कुठं बेसूर. 2023 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं तेव्हा बैठकीत पेढे वाटले. फार उशीर झाला, असं त्या रात्री सगळेच म्हणाले.

वाणी जयराम यांचं नाव कुणी घेत नाही. का?

आम्ही घेतो. 1971 चा 'गुड्डी', संगीत वसंत देसाई. 'बोल रे पपीहरा' मियाँ की मल्हार रागातलं. हे पहिल्या सरीच्या रात्री लावायचा आमचा रिवाज आहे. मृग कोरडा गेला तर गाणं थांबवून ठेवतो. त्याच सिनेमातलं 'हमको मन की शक्ति देना' इकडच्या कितीतरी शाळांत प्रार्थना म्हणून म्हटलं गेलं. पोरांना वाटायचं हे पुस्तकातलंच आहे. कुमार गंधर्वांबरोबरचं 'ऋणानुबंधाच्या' ऐकलं की कळतं, वेल्लोरला जन्मलेल्या या बाईंनी मराठी शब्द किती जपून तोंडात घेतला. पुढं त्यांचं बहुतेक काम दक्षिणेत झालं. 1975 च्या तमिळ 'अपूर्व रागंगल'साठी राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. हिंदीनं एक मोठा आवाज हातचा घालवला, असं माझं स्पष्ट मत आहे.

हेमलता, सुलक्षणा पंडित, प्रीती सागर, रुना लैला: या एका-दोन गाण्यांच्या गायिका नाहीत का?

हेमलता नक्कीच नाहीत. रवींद्र जैन यांच्याकडे येसूदास यांच्याबरोबरचं 'चितचोर'मधलं 'तू जो मेरे सुर में' आणि 'अँखियों के झरोखों से', या दोनच गाण्यांवर एक पिढी प्रेमात पडली. आवाजात एक भोळेपणा आहे, जो शिकून येत नाही. सुलक्षणा पंडित यांचं 'संकल्प'मधलं 'तू ही सागर है तू ही किनारा' जरूर ऐका. रुना लैला यांचं 'घरौंदा'मधलं 'तुम्हें हो ना हो' वेगळ्याच मातीचं.

प्रीती सागर यांच्याबद्दल इथल्या माणसाला थोडं जास्त सांगावंसं वाटतं. 'मंथन'मधलं 'मेरो गाम काठा पारे'. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादक शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये घालून तो 1976 चा सिनेमा उभा केला. आमच्या बैठकीत हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा सहकारी सोसायटीत आयुष्य घालवलेले एक बाबूजी बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "पुन्हा लाव." तीनदा लावलं.

मराठी गाणी या वादात धरता का?

धरतो, आणि अमरावती जिल्ह्यातला माणूस ती का सोडेल? सुरेश भट आमच्या अमरावतीचे. त्यांच्या ओळी त्या काळच्या दोन्ही मोठ्या गळ्यांतून गेल्या: लताबाईंकडे 'मालवून टाक दीप' आणि 'मेंदीच्या पानावर', आशाबाईंकडे 'मलमली तारुण्य माझे', 'केव्हातरी पहाटे', 'तरुण आहे रात्र अजुनी' आणि 'सिंहासन'मधलं 'उषःकाल होता होता'. भटांच्या शब्दाला आशाबाई जास्त मानवतात असं मला वाटतं. भटांची ओळ सरळ चालत येते आणि शेवटच्या शब्दावर वळून बघते. आशाबाई त्या शब्दाच्या आधी क्षणभर थांबतात. 'तरुण आहे रात्र अजुनी'मध्ये तो थांबा मोजा. याउलट 'मालवून टाक दीप' लताबाईंशिवाय दुसऱ्या कुणाच्या आवाजात मी मनातसुद्धा ऐकू शकत नाही.

लताबाईंच्या बाजूनं आणखी दोन: 'सामना'मधलं 'सख्या रे घायाळ मी हरिणी' आणि 1974 ची 'शिवकल्याण राजा'ची तबकडी. ती तबकडी शिवजयंतीला गावोगाव वाजायची, आजही वाजते.

सुलोचना चव्हाण आणि लावणी?

'सोळावं वरीस धोक्याचं' आणि 'फड सांभाळ' साठच्या दशकातली, म्हणून नियमानं बाहेर. पण सत्तरमध्ये जत्रेत, शंकरपटात (बैलांच्या शर्यतीत) सुलोचनाबाईच वाजत होत्या. डोक्यावर पदर घेऊन, जागचं न हलता नुसत्या शब्दफेकीवर लावणी उभी करणारी ही बाई. पद्मश्री मिळाली 2022 मध्ये, आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्या गेल्या. त्यांच्यासाठी आम्ही वर्षातून एक शनिवार वेगळा ठेवतो.

शास्त्रीय गायिका?

धरत नाही. किशोरीताई आमोणकर आणि उषाताई एका तराजूत घालणं दोघींवरही अन्याय आहे.

दक्षिणेकडच्या गायिका?

सिरोंचाकडून बदलून आलेले एक गुरुजी पी. सुशीला यांच्या गाण्यांचा पेनड्राइव्ह घेऊन आले होते. तिकडं गडचिरोलीच्या टोकाला तेलुगू घरातलीच भाषा. सत्तरच्या दशकात सुशीलाबाईंना 1971 आणि 1976 असे दोन राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, म्हणजे लताबाईंच्या बरोबरीनं. हे कळल्यावर आमच्यातले बरेच जण एकदम शांत झाले. आम्हाला भाषा येत नाही म्हणून मत देत नाही, पण मान देतो.

कुणी किती गाणी गायली?

हा प्रश्न विचारू नका, रात्र जाते. गिनीज बुकानं 1974 मध्ये लताबाईंच्या नावावर 25,000 गाणी लिहिली, रफीसाहेबांनी त्यावर हरकत घेतली, पुढं ती नोंद काढली गेली, आणि 2011 मध्ये आशाबाईंच्या नावावर 11,000 पर्यंतचा आकडा लिहिला गेला. खरोखर मोजायचं असेल तर कानपूरच्या हरमंदिर सिंह 'हमराज़' यांचा गीतकोश आहे. 1971 ते 80 चा खंड पाचवा. त्यांनी सिनेमागणिक, गाण्यागणिक नोंदी केल्या. आमच्या बैठकीत कोण गायलं यावर पैज लागली की निकाल तोच देतो. आकड्यानं मोठेपण ठरत असतं तर गावातला दवंडीवाला सर्वांत मोठा गायक ठरला असता, असं वडील म्हणायचे.

भजनी मंडळातल्या बाया कुणाच्या बाजूच्या?

त्या आल्या आणि वादाचं तोंडच बदललं. आम्ही पुरुष 'आवाज', 'रेंज', 'हरकत' असं बोलायचो. त्यांनी विचारलं, "हे गाणं कापूस वेचता वेचता म्हनता येते का?" वेचणीला कंबर वाकलेली असते, श्वास छोटा असतो, हात थांबवायचा नसतो. लताबाईंच्या लांब ताना तिथं म्हणता येत नाहीत. उषाताईंची आरती येते, 'केशवा माधवा' येतं, भुलाबाईची गाणी तर येतातच. एका बाईनं 'नभ उतरू आलं' म्हणून दाखवलं, अर्ध्या श्वासात, ओळ मधेच तोडून. तोडलेल्या जागेवर तिनं एक सूर खाली घेतला होता. मूळ गाण्यात तो नाही. मी रेकॉर्ड करून ठेवलं नाही याची मला अजून हळहळ वाटते.

नव्यानं ऐकायला लागणाऱ्या पोरांनी कुठून सुरुवात करावी?

जोड्या लावा. 'रैना बीती जाए' आणि 'दम मारो दम': दोन्ही राहुलदेव बर्मन यांची, साधारण एकाच वेळची, आणि गळे दोन. 'रूठे रूठे पिया' आणि 'ये मेरा दिल': दोन्ही कल्याणजी-आनंदजींची. 'मैं तो आरती उतारूँ रे' आणि 'मुंगळा': गळा एकच. अधूनमधून गीता दत्त यांचं 'अनुभव'मधलं 'मेरी जान मुझे जान न कहो' ऐका. 1971 चं आहे, आणि पुढच्याच वर्षी त्या गेल्या.

वाद हातघाईवर आला तर?

आला आहे, दोनदा. नियम असा: जो माणूस दुसऱ्याच्या गायिकेला वाईट बोलेल, त्यानं त्या गायिकेचं एक गाणं सगळ्यांसमोर म्हणून दाखवायचं. अंतऱ्यापर्यंत पोहोचेस्तोवर बहुतेकांचा आवाज मऊ होतो.

यायचं असेल तर काय आणावं?

एक गाणं आणि ते का आणलं याचं कारण. तबकडी असेल तर आणा. 45 आणि 33 दोन्ही स्पीड चालतात, 78 ची सुई सध्या झिजली आहे, मिळाली की बसवतो. लाइट गेली तर ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालवायची सोय आहे. चहा मिळेल. उन्हाळ्यात उशी आणि चादर घेऊन या, कारण बाराच्या आत कुणी उठत नाही आणि मोर्शीकडं जाणारी शेवटची गाडी त्याच्या कितीतरी आधी निघून गेलेली असते.